शंभर टक्के समाधान

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येऊ लागलं, तेव्हा आष्ट्याजवळच्या त्या गावात पहिलं कनेक्शन जोतीरामआप्पांनी घेतलं. "पुढची पन्नास वर्षं हीच तार राज्य करणार," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. पुढे अख्खं गाव फायबरवर गेलं तरी आप्पा तारेवरच राहिले, आणि रोज सकाळचा चहा झाला की एक्स्चेंजमधल्या अमृतला फोन लावत राहिले, "गड्या, आज बी नेट लय हळू हाय रं."

आप्पा गेले. चहानंतरची ती शांतता त्यांच्या लेकीला, संयोगिताला, सोसवेना. तेरावं झाल्यावर ती कनेक्शन बंद करायला एक्स्चेंजमध्ये गेली.

"ताई, एवढं करू नगा," अमृत म्हणाला. "आवं, ही एकच लाईन उरलीया. ती तोडली तर एक्स्चेंजला कुलूप लागंल."

"पण आता वापरणार कोण?"

"कुणी न्हाई वापरलं तरच बरं. आप्पांचा फोन थांबल्यापास्नं एक बी तक्रार न्हाई. शंभर टक्के गिऱ्हाईक समाधानी. जिल्ह्यात पैला नंबर आलाय आपला."

आप्पा या तारेवर समाधानी असल्याचं संयोगितानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तिनं लाईन राहू दिली.

 

आठवड्याभरानं वरच्या ऑफिसातून अमृतला शाबासकी आली आणि सोबत हुकूमही: अशा समाधानी ग्राहकांची संख्या वर्षभरात दुप्पट करा.