उरलेली भूमिका

टेबलाभोवती बसून फासे टाकायचे आणि कुणी योद्धा, कुणी जादूगार व्हायचं, असा आमचा खेळ. दहा वर्षं घरच्यांच्या विनवण्या केल्या, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही. काल त्याचे दहा लाख संच खपल्याची बातमी आली, तेव्हा जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर मी तावातावाने लिहिलं, "संपलं! आता कुणीही सोम्यागोम्या खेळणार."

आज कामावरून आलो, तर जेवणाच्या टेबलावर आई, बायको, आत्या आणि सासूबाई फासे खुळखुळवत बसलेल्या. मी घाईघाईने खुर्ची ओढली.

"जागा नाही!" योद्धा झालेल्या सासूबाई गरजल्या.

माझं पडलेलं तोंड पाहून आईला दया आली.



"घ्या हो त्याला, विहीणबाई. खजिना वाहायला एक गाढव हवंच होतं."