वजा अठ्ठेचाळीस

वर्गातच असलेल्या मावसबहिणीने त्याच्याकडे असेंब्ली प्रोग्रामची असाइनमेंट मागितली. नाही म्हटलं तर मावशी बोलणार, आणि दिली तर हिला आयते मार्क. म्हणून त्याने फाइल दिली, पण देण्याआधी मधली एक ओळ गुपचूप उडवली.

दुपारभर ती लॅबमध्ये डोकं धरून बसली. चार महिन्यांनी मोठा म्हणून वर्गातही त्याला दादाच म्हणायची.

"दादा, मी सात दाबते आणि हा प्रोग्राम पंचावन्न छापतो. तुझं नीट चालतंय ना रे?"

"माझं चालतंय."

तिने डबाही उघडला नव्हता. सांगून टाकावं, असं अगदी त्याच्या ओठांवर आलं. तो चहाला निघून गेला.

तोंडी परीक्षेला सरांनी दोघांना एकदमच बोलावलं. "इथे अठ्ठेचाळीस का वजा केलेत?"

उत्तर त्याला पाठ होतं. पण त्याच्याआधी तीच घडाघडा बोलली, "सर, कीबोर्डवरून आकडा येतच नाही, त्या चिन्हाचा कोड येतो. शून्याचा कोड अठ्ठेचाळीस. तेवढे वजा केले की खरा आकडा हाती लागतो."

"वा! कोणी शिकवलं?"

"दादाने. ती ओळ त्याने काढून घेतली होती, पण तिच्या वरची 'चिन्हाचा आकडा करा' ही टीप मुद्दाम ठेवली होती, माझं मला सापडावं म्हणून. एरवी कोण एवढं करतं, सर?"