शेवटचे शंभर मीटर

मावशीने गाडीच्या काचेवर पांढऱ्या रंगाने आकडा लिहिला, १६.७०. दोन पावलं मागे सरून पाहिला आणि शून्य पुन्हा गिरवलं.

"सकाळपासून चार फेऱ्या, चारही वेळा सोळा सत्तर," ठिणगी म्हणाली. "कंटाळा नाही येत?"

"म्हातारी गाडी आहे. तिला दुसरं काही येतच नाही."

ठिणगी तिची सख्खी भाची. धावपट्टीवर सगळे तिला ह्याच नावाने ओळखत. शेजारच्या काळ्या, बुटक्या गाडीच्या काचेवर तिने स्वतःचा आकडा लिहिला, ११.२०. ही गाडी फेब्रुवारीपर्यंत मावशीची होती. एके दिवशी मावशीने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि स्वतः रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानामागे धूळ खात पडलेली जुनी गाडी बाहेर काढली. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं.

ह्या शर्यतीत नुसता वेग कामाचा नव्हता. चारशे मीटरला आपली गाडी किती वेळ घेईल, ते आधीच लिहून द्यायचं. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढे सेकंद हळू गाडी आधी सुटणार. जो रेषा आधी ओलांडेल तो जिंकला. पण लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात पोचलात, तर बाद. आणि ह्यात वेगवान गाडीची एक मोठी चैन होती. ती मागून येते, तिला सगळं समोर दिसतं. पुढच्याला किती दाबायचं, कुठे सोडायचं, सगळं नजरेने मापता येतं. पुढच्या बिचाऱ्याला मात्र मान वळवून बघावं लागतं.

"हातची चैन सोडलीस तू," ठिणगी म्हणाली.

"वेग सोसत नाही आता. शिवाय हा शेवटचा हंगाम. तुला गाडी मिळाली ना? मग कुरकुर कसली?"

"कुरकुर नाही. आज तुला हरवणार आहे."

"चार वर्षं हेच ऐकतेय!"

ठिणगी खो खो हसली. "हे घे तुझे हातमोजे!" तिने ते भिरकावले. मावशीचे हात हवेतच मिटले आणि मोजे पायाशी पडले.

"अंतिम फेरीआधीच हात कापायला लागले वाटतं!"

"हात कापू दे. पाय ठणठणीत आहेत," मावशी म्हणाली आणि वाकून मोजे उचलले.

निवेदकाने दोघींची नावं पुकारली, तसा प्रेक्षकांनी पत्र्याच्या बाकांवर पाय आपटून दणदणाट केला. मावशी विरुद्ध भाची! असा अंतिम सामना इथे कुणी पाहिला नव्हता.

हेल्मेट घालताना ठिणगीचं डोकं थंड होतं. मावशीची जुनी खोड तिला तोंडपाठ होती. आपल्याहून वेगवान गाडी मागे असली, की शेवटच्या शंभर मीटरला मावशी एकदा मागे बघते. मागचा सुसाट येत असेल, तर हळूच ब्रेक दाबते. मागचा भसकन पुढे जातो, लिहिलेली वेळ मोडतो आणि बाद होतो. भले भले ह्या सापळ्यात अडकले होते.

ठिणगी अडकणार नव्हती. तिची गाडी आज अकरा दहासुद्धा काढू शकत होती. ते दहा शतांश तिने मुद्दाम लपवले होते. मावशीचं डोकं वळलं की तिच्याबरोबरच ब्रेक दाबायचा आणि बोनेटभर पुढे राहून रेषा ओलांडायची. बस्स.

मावशीचा दिवा हिरवा झाला. जुनी गाडी गुरगुरत सुटली.

एक. दोन. तीन. साडेपाच सेकंद एका जागी उभं राहणं म्हणजे जिवंतपणी छळ! मावशीची गाडी पार लहान झाली.

पिवळा. हिरवा!

ठिणगी पाठीमागे सीटवर आदळली. इंजिन किंचाळलं. कडेचे खांब एकमेकांत मिसळले. समोरची गाडी वाढू लागली, आधी डबीएवढी, मग कपाटाएवढी. दोनशे मीटर. तीनशे. आता मागच्या काचेतून मावशीचं पांढरं हेल्मेट स्पष्ट दिसत होतं.

वळ आता. वळ!

हेल्मेट हललं नाही.

उशिरा वळणार ही, ठिणगीला वाटलं. लबाड! तिने पाय किंचित उचलला. अर्ध्या श्वासाइतकाच. हेल्मेट तसंच, भिंतीत खिळा ठोकावा तसं समोर. ब्रेकचा लाल दिवाही लागला नाही. म्हातारी सरळ निघाली होती!

ठिणगीने पाय पुन्हा दाबला. दोन्ही गाड्या एकदमच गेल्यासारख्या वाटल्या.

फलक उजळला. मावशी, १६.७१. ठिणगी, ११.२३. जेमतेम मीटरभर अंतराने मावशी जिंकली होती.

बाकांवरचे लोक उड्या मारत होते. "खोडच सोडून दिली बाईनं!" निवेदक घसा फोडून ओरडत होता. "भाची वाट बघत बसली आणि मावशी निघून गेली! ह्याला म्हणतात डाव!"

ठिणगी धावतच आली आणि मावशीला गाडीतून ओढून मिठी मारली. हरल्याचं तिला वाईटही वाटेना, इतकी ती खूश होती.

"एकदासुद्धा मागे बघितलं नाहीस! मला आख्खी वाचलीस तू! ही गाडी घेतलीस तीसुद्धा ह्याच डावासाठी ना? खरं सांग, कधी ठरवलंस?"

मावशीने हेल्मेट काढलं. घामाने ओले झालेले केस मागे सारले. फलकाकडे बघून ती लहान मुलीसारखी हसत होती.

"ठरवायचं काय त्यात?" ती म्हणाली. "डावा डोळा गेल्यापासून गाडी किती जवळ आहे आणि किती लांब, ते मला कळतच नाही ग."