नादियाची हाक

एस्तेरकाकूंनी नादियाचा हात दाबला. "अगं, हे चर्च आहे, मशीद नव्हे!" प्रार्थनेला जमलेल्या बायका हसल्या. आजारी वडिलांसाठी "या अल्लाह" म्हणत रडणारी ती सुदानी विद्यार्थिनी गप्प झाली.

"अरबी बायबलात देवासाठी हाच शब्द आहे, एस्तेरबाई," नंतर पाळकसाहेब हळूच म्हणाले. "आपण 'देवा' म्हणतो, तुमच्या शेजारच्या लिमयेबाई गणपतीपुढे तेच म्हणतात. त्यांनी कधी तुमचा हात दाबलाय?" काकूंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

पुढच्या रविवारी काकू नादियाच्या शेजारी जाऊन बसल्या. "माझं चुकलं गं. तुझ्या भाषेतच देवाकडे माग."

"नको काकू, मराठीत पाठ केलंय," म्हणत नादियाने डोळे मिटले. "हे देवा, माझ्या बाबांना... बाबांना..." पुढचं आठवेना, तशी ती काकूंकडे पाहू लागली.

"बरं कर" एवढंच काकूंनी सांगायचं होतं. पण त्यांना हुंदका आवरेना.