आडमुठ्याची चाल

“त्याला काहीही झालेलं नाही,” मामा म्हणाले. “डॉक्टरांना उगाच बोलावलंत, ताई.”

डॉक्टरांची गाडी फाटकातून आत येत होती. आता वाद घालून उपयोग नव्हता.

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. ताईंच्या वडिलांच्या काळापासून ते या फार्मवर घोडे सांभाळत होते, आणि त्यातली सोळा वर्षं एकाच घोड्याबरोबर. शर्यतींच्या पुस्तकात त्या घोड्याचं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं. तबेल्यात मात्र सगळे त्याला आडमुठा म्हणत.

पहिल्याच शर्यतीत तो सुटण्याच्या फाटकात शिरेना. चार माणसं मागून ढकलत होती, जॉकी वरून शिव्या घालत होता आणि हा आपला पाय रोवून उभा. शेवटी मामा कुंपणाखालून वाकून आत गेले आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. आडमुठा शहाण्यासारखा फाटकात गेला आणि शर्यत जिंकून आला. त्यानंतर मामांशिवाय त्याला कुणी फाटकात घातलं नाही. एकोणीस शर्यती धावला, अकरा जिंकला. पाचव्या वर्षी पुढच्या पायाची शीर दुखावली. मामांनी चाळीस दिवस तो पाय बर्फाच्या बादलीत धरला. पाय सुधारला, पण धावणं संपलं, आणि ताईंच्या वडिलांनी त्याला पैदाशीसाठी ठेवलं.

तिथेही त्यानं नाव काढलं. त्याची पोरं दर हंगामात कुठे ना कुठे जिंकत होती. स्वभाव काही बदलला नाही. घोडीकडे न्यायचं तर दोन बाजूंना दोन दोर आणि दोन दणकट गडी लागत. एकदा तर त्यानं तबेल्याचं दार चौकटीसकट उखडलं होतं.

असा हा घोडा गेल्या वर्षभरात गोगलगाय झाला होता.

उंबऱ्याशी थांबायचा. डबक्याला लांबून वळसा घालायचा. एक कान सतत मागे. मामा त्याच्या मानेवर हात ठेवून शेजारून चालायचे. दोन म्हातारे फिरायला निघालेत असं वाटायचं. गडी गमतीनं म्हणायचे, आडमुठ्याला अक्कलदाढ आली. पण मागच्या आठवड्यात घोडी घेऊन आलेल्या एका मालकानं ती चाल पाहिली आणि ताईंना बाजूला घेऊन विचारलं, “याला दिसतंय ना नीट?”

नजर जाण्याचा दोष कधी कधी रक्तातून पुढे जातो. तसं असेल तर पैदास त्याच दिवशी बंद करावी लागणार. आणि सतरा वर्षांच्या आंधळ्या घोड्याचं पुढे काय करतात, ते ताईंनी लहानपणी एकदा खिडकीतून पाहिलं होतं.

त्यांनी मामांना खोदून खोदून विचारलं होतं. नव्या शिंगराचा फोटो दाखवायच्या निमित्तानं विषय काढला होता. मामांनी फोटो हातात धरला, “बापावर गेलंय,” एवढंच म्हणाले आणि परत दिला.

“तुम्ही काहीतरी लपवताय, मामा.”

“आमचं दोघांचं बरं चाललंय, ताई. ते मोडू नका.”

डॉक्टरांनी आडमुठ्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग वाळूच्या अंगणात स्वतःच पेंढ्याचे चार गठ्ठे इकडेतिकडे मांडले आणि मधे एक बांबू आडवा टाकला.

“मामा, याला इथून पलीकडे न्या.”

मामा निघाले. पहिल्या गठ्ठ्याशी आडमुठा थबकला. मान खाली घातली, मग हळूच बाजूला सरून मोठा वळसा घेतला. दुसऱ्याशी तेच. बांबूपाशी तर तो उभाच राहिला. खुरानं बांबूवर दोनदा टकटक केलं आणि मग सावकाश, एकेक पाय उचलत ओलांडला.

ताईंना पुढचं बघवेना. चाचपडतच होता तो. “किती दिवस झाले असतील, डॉक्टर?” त्यांनी हळूच विचारलं.

“आता दोर तुम्ही घ्या,” डॉक्टर म्हणाले.

“मी? मला जुमानायचा नाही तो.”

“म्हणूनच.”

“नको, ताई,” मामा घाईनं म्हणाले. “पाडेल तो तुम्हाला.” त्यांचा आवाज असा कापरा ताईंनी कधी ऐकला नव्हता.

ताईंनी दोर घेतला. मामा दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

आडमुठ्यानं मान झटकली, नाक फेंदारलं आणि ताईंना अक्षरशः खेचत सुटला. पहिला गठ्ठा डावीकडून, दुसरा उजवीकडून, अगदी घसटून, पण धक्का न लावता. बांबूवरून त्यानं अशी उडी घेतली की ताईंच्या हातातून दोर सुटता सुटता राहिला. पलीकडच्या टोकाला तो थांबला तेव्हा ताईंना धाप लागली होती, तळहात सोलवटला होता, आणि तरी हसू आवरत नव्हतं. दिसत होतं त्याला! सगळं दिसत होतं!

त्या ओरडून सांगणार, एवढ्यात डॉक्टर जवळ आले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, दोर आपल्या हातात घेतला आणि मामांकडे जायची खूण केली.

ताईंना काही उमजेना. तरी त्या गालातल्या गालात हसत, मऊ वाळूतून चालत अंगण ओलांडून आल्या.

“ताई!” मामांनी हाक मारली. “पडलात का? ताई, बोला ना काहीतरी! कुठे आहात?”

ताई त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभ्या होत्या.