चौथी तार

“ॲम्पला जोडलेल्या या दोन काळ्या तारा एकमेकींना नुसत्या शिवल्या, तरी तुझा नवा ॲम्प्लिफायर गेलाच म्हणून समज,” स्पीकरच्या पाठीमागून भोंगाकाका म्हणाले.

लेकीने हात झटकन मागे घेतला. जुना बंद पडला म्हणून तो ॲम्प्लिफायर तिने कालच आणला होता, तोही दुकानदाराचं तासभर डोकं खाऊन.

काका म्हणजे बाबांचे जिवलग दोस्त. आयुष्यभर त्यांनी सभा-समारंभांना भोंगे पुरवले आणि उरलेल्या वेळात लोकांचे रेडिओ दुरुस्त केले. आता दुकान बंद होतं, गुडघे कुरकुरत होते, पण लेकीचा फोन आल्यावर पिशवीत पक्कड आणि मीटर टाकून ते हजर झाले होते.

“पण जुन्याला तर तीनच तारा होत्या ना?”

“जुना भोळा होता बिचारा. दोन्ही स्पीकरांच्या काळ्या तारा बांधून एकच तार परत नेली, तरी त्याला चालायचं. याला ज्याची त्याची परतीची तार वेगळी लागते. एकत्र संसार मानवत नाही याला.”

“मग वेगळी टाका की चौथी.”

काकांनी मीटरची काच उगाच पुसली. “तशी गरज नाही. ती एकत्र परतीची तार मधेच तुटलीय. आहे तसंच जोडून देतो. दोन लाल तारा ॲम्पला, काळ्या आपसांत बांधलेल्या, ॲम्पला लावायच्याच नाहीत. काही जळणार नाही.”

“आणि तबकडीवर गाणारी बाई? ती ऐकू येईल?”

“ती नाही येणार. वाद्यं दोन स्पीकरांत वेगवेगळी असतात, ती वाजतील; तिचा आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. परतीची तार नसली की तो आपसांतच मिटतो.”

“म्हणजे बिघाड एवढाच होता? एका तारेचा? मग तुम्हाला इतकी वर्षं सापडला कसा नाही?”

“असतं एखाद्याचं नशीब,” काका म्हणाले आणि पिशवीत काहीतरी शोधू लागले.

गाणारी बाई ही या घरातली जुनी भानगड होती. लेक शाळेत जायच्या आधीच कधीतरी ती गायब झाली. व्हायोलिन वाजायचं, बासरी वाजायची, मधोमध गाणाऱ्या बाईचा मात्र पत्ता नाही. तरी बाबा रोज संध्याकाळी तबकडी लावायचेच. एखादी ओळ रिकामी जायची, दुसरी जायची, आणि मग स्वयंपाकघरातून आई वैतागून ती जागा भरायची. एरवी चारचौघांत आई तोंड उघडायची नाही. कुणी आग्रह केला तर “मला मेलीला कुठलं गाता येतंय!” म्हणून उडवून लावायची. पण अर्धवट गाणं तिला सोसायचं नाही. भांडी विसळता विसळता ती अख्खं गाणं म्हणून टाकायची, आणि वर “आधी ते खोकं दुरुस्त करा” असं बजावायची.

लेकीला तर कितीतरी वर्षं वाटायचं, गाणं असंच असतं. वाजवणारे खोक्यात आणि गाणारी ओट्याशी. मैत्रिणीच्या घरी स्पीकरमधून परकी बाई गायली, तेव्हा ती घाबरून घरी पळत आली होती. त्या दिवशी बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. काय छान दिवस होते ते!

काकाही अधूनमधून यायचे. खोक्याची मागची फळी निघायची, दोघे दोस्त आत डोकं घालून कुजबुजायचे, चहा व्हायचा, फळी परत बसायची.

“भाग मिळत नाही, वहिनी.”

“भाऊजी, गावभर भोंगे वाजवता आणि दोस्ताच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार!” आई म्हणायची.

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून आई गायली नव्हती. बोलणंसुद्धा हो-नाहीपुरतंच उरलं होतं. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर तशीच बसून राहायची. लेकीला रात्र रात्र झोप लागत नसे. बाबांचा बंद पडलेला सेट पुन्हा वाजला, आणि या वेळी नीट वाजला, तर आई माणसांत येईल, एवढ्या एका आशेवर ती रजा टाकून आली होती.

“चौथी टाकाच, काका. बाबांचं राहून गेलेलं काम आहे ते.”

काकांनी दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही काय म्हणता?”

“तिला हवं तसं करा.”

मग काकांनी काळ्या तारांचा जोड सोडवला. दोन्हींना परतीच्या वेगळ्या वाटा करून दिल्या, टोकं चिकटपट्टीने गुंडाळली, कुठे कशाला काही लागत नाही ना हे मीटरवर पुन्हा पुन्हा पाहिलं. काम अगदी चोख झालं. लेकीने बाबांची लाडकी तबकडी चढवली.

व्हायोलिन सुरू झालं. आईची मान हलकेच डोलली. तिने श्वास घेतला, ओठ उघडले.

आणि स्पीकरमधून बाई गायली. स्वच्छ, भरदार, खोलीभर.

आईचे ओठ मिटले.

“किती गोड गाते गं,” ती म्हणाली. “मीच आपली इतकी वर्षं मधे मधे कडमडत होते.”

“आई, तूपण म्हण ना तिच्याबरोबर!”

“छे! ती आहे ना आता,” आई म्हणाली आणि आत जायला वळली.

“थांबा, वहिनी.” काकांनी ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं. पक्कड अजून त्यांच्या हातातच होती. “तुटली नव्हती ती तार. मी कापली होती. तुमच्या नवऱ्यानेच कापायला लावली मला. म्हणाला, ‘ही बाई गप्प बसल्याशिवाय आमची काही गायची नाही.’”