नावं ठेवायचं काम
सूनबाई उड्यांचा व्हिडिओ गेम बनवत होती. "वस्तूंना नावं ठेवायची राहिलीत," ती फोनवर म्हणाली मात्र, सासूबाई खुर्ची ओढून शेजारी हजर. "अगं, नावं ठेवायला मला नाही बोलवायचं?" पाय पडताच खचणारी फळी बघून त्या म्हणाल्या, "हे आपले जावईबापू." शिवताच उसळणारी स्प्रिंग म्हणजे थोरल्या नणंदबाई. कितीही ढकला, जागचा न हलणारा खोका म्हणजे सासरे. ते पेपराआडून नुसतेच खाकरले. सून हसत हसत टाइप करत होती, पण आता फक्त जीवघेणे काटे उरले होते. "आणि हे?" तिने जपून विचारलं. "काटे म्हणजे मीच. वर्षभर मला चुकवत उड्या मारतेस, कळत नाही होय?" सुनेने जीभ चावली. "मग मी कुठाय?" सासूबाईंनी चष्मा पुसला. "तुला नावं ठेवायला जागाच नाही."